वडीवरून ताट ओळखायचं : सिगारेटच्या पाकिटातली बेसबॉल कार्डं कशी छापली जायची

आमच्याकडे नारळाच्या वड्या थापल्या की कडेच्या वड्या मुलांच्या वाट्याला यायच्या. एकीची बाजू गोल, एकीचा कोपरा गायब, एखादीत सुरी तिरकी गेल्यामुळे शेजारणीचा अर्धा काजू इकडे आलेला. डब्यातून अशी एखादी वडी उचलली की ती ताटात कुठे असणार, हे बघताक्षणी सांगता यायचं. ही कडेची, ही मधली, हिच्या डावीकडे काजूवाली.

अमेरिकेत काही मंडळी कित्येक वर्षं हाच उद्योग करत बसली आहेत. वड्यांच्या जागी बेसबॉल खेळाडूंची इवलीशी कार्डं आहेत, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटांतून वाटलेली. ही कार्डं एकेकटी छापलेली नव्हती. मोठ्या तावावर ओळीने, खेटून छापायची आणि मग कापायची. कापलेली कार्डं आजही भरपूर मिळतात. न कापलेला अख्खा ताव मात्र आजवर एकही सापडलेला नाही. ताट गेलं, वड्या उरल्या. तेव्हा वड्या बघून ताट कसं होतं ते ओळखायचं.

हे ओळखायचं तर आधी ताट कसं थापलं जायचं ते कळायला हवं.

सिगारेटच्या पाकिटात चित्र घालायची कल्पना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत रुजली. पाकीट मऊ कागदाचं, आतल्या सिगारेटी चेपायच्या. पुठ्ठ्याचा एक तुकडा घातला की पाकीट ताठ राहायचं. मग तो तुकडा कोरा कशाला ठेवायचा? त्यावर नट्या आल्या, पक्षी आले, देशोदेशींचे झेंडे आले आणि खेळाडू आले. त्याच सुमाराला जेम्स बॉन्सॅकचं सिगारेट वळायचं यंत्र आलं. हाताने वळणारा कुशल कामगार दिवसाला तीनेक हजार सिगारेटी करायचा, हे यंत्र दहा तासांत सव्वा लाखाच्या आसपास. एवढा माल खपवायचा तर गिऱ्हाईक बांधून ठेवणारं काहीतरी हवंच. नॉर्थ कॅरोलिनाच्या जेम्स ब्युकॅनन ड्यूकने हे यंत्र उचललं, १८९० मध्ये पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली आणि पुढच्या वीस वर्षांत बाजार जवळजवळ गिळला. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची कार्डं काढली, त्यांत आपले रणजितसिंहजीही होते. म्हणजे हा छंद आपल्या ओळखीच्या माणसापर्यंत फार लवकर पोचला होता.

आपण ज्या कार्डांबद्दल बोलतोय त्यांना संग्राहक 'टी-२०६' म्हणतात. हे नाव कंपनीचं नाही. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने अमेरिकेतल्या सगळ्या छापील कार्डांची सूची केली तेव्हा विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'टी' हे अक्षर दिलं, एकोणिसाव्या शतकातल्यांना 'एन'. या गृहस्थाने जमवलेले तीन लाखांहून जास्त कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले आणि संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी ते वहीत चिकटवायलाही स्वतःच जाऊन बसला. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

टी-२०६ मध्ये रूढ मोजदादीनुसार ५२४ वेगवेगळी कार्डं आहेत. ३९० मोठ्या लीगची, १३४ छोट्या लीगची, आणि त्यांतली ४८ दक्षिणेकडच्या लीगची. आकार साधारण ३.७ सेंटिमीटर गुणिले ६.७ सेंटिमीटर. समोर रंगीत चित्र, पांढरी चौकट, खाली तपकिरी अक्षरांत नाव आणि संघाचं गाव. मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात. ब्रँड सोळा : पीडमाँट, स्वीट कॅपोरल, ओल्ड मिल, सॉव्हरिन, पोलर बेअर आणि असेच. यांतल्या एका ब्रँडचं नाव 'हिंदू' होतं हे वाचून आपल्याकडे भुवया उंचावतील. त्या काळी अमेरिकेत सिगारेटला जितकं पूर्वेकडचं नाव तितकी ती उंची वाटायची, एका ब्रँडचं नाव तर चक्क 'टॉलस्टॉय' होतं. छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीने केली.

लिथोग्राफी, म्हणजे आपली शिळाछाप. हा शब्द जुन्या पोथ्या हाताळलेल्यांना नवा नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत छापलेलं पंचांग शिळाछापाचंच. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीही अशाच दगडांवरून घराघरांत गेल्या. न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलपटू आणि मळवलीत देवदेवता, तंत्र एकच.

हे तंत्र १७९६ च्या सुमाराला बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डरने शोधलं. त्याच्या मुळाशी स्वयंपाकघरातली एक गोष्ट आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. त्यावर डिंक आणि सौम्य आम्लाचा हात द्यायचा, म्हणजे चित्राची जागा आणि कोरी जागा आपापल्या स्वभावाला पक्क्या होतात. मग दगड ओला करायचा. कोरी जागा पाणी धरते, तेलकट रेघ पाणी झटकते. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेवर बसते. वर कागद ठेवून दाबला की चित्र उमटलं. कोरायचं काही नाही, उठाव काही नाही. लाकडी ठशात किंवा शिशाच्या खिळ्यांत अक्षर वर आलेलं असतं. इथे सगळं सपाट, आणि तरी छाप येतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा ही नजरबंदीच वाटली होती.

रंगीत छपाईला मात्र एक दगड पुरत नाही. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. पिवळ्याच्या दगडावर चित्रातला फक्त पिवळा भाग, निळ्याच्या दगडावर फक्त निळा, लालच्या दगडावर ओठ, गाल, टोपीची किनार. तोच कागद एकापाठोपाठ एक या सगळ्या दगडांखालून जायचा. फोटोवरून चित्र पाडताना कुठला रंग कुठे आणि किती, हे ठरवणारा कारागीर या सगळ्याचा खरा धनी. होनस वॅग्नर या खेळाडूचं प्रसिद्ध कार्ड ज्या फोटोवरून केलं तो बॉस्टनच्या कार्ल हॉर्नरने काढलेला आहे. फोटो काळा-पांढरा, मागचं आकाश केशरी करायचं की हिरवं हे छापखान्यातल्या माणसाने ठरवलेलं. टाय कॉब या खेळाडूचा एकच चेहरा एका कार्डावर लाल पार्श्वभूमीवर आणि दुसऱ्यावर हिरव्या पार्श्वभूमीवर येतो, तो असा.

आता ताटाकडे येऊ. एवढंसं कार्ड एकेक करून छापायला कोणी वेडा नव्हता. यंत्र मोठं, कागद मोठा, मग एका दाबात जितकी कार्डं बसतील तितकी बसवायची. पण म्हणून कारागिराने एकच चेहरा मोठ्या दगडावर दहा वेळा काढायचा का? नाही. मूळ चित्र एका छोट्या दगडावर एकदाच काढायचं. त्यावरून खास कागदावर तेलकट शाईचे छाप घ्यायचे, हवे तितके. हे ओले छाप मोठ्या दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर मोजून-मापून ओळीने उलटे चिकटवायचे आणि दाब द्यायचा. कागद सोलून काढला की त्यावरची शाई मोठ्या पृष्ठभागावर उतरलेली. मेंदीचा कोन येण्याआधी बायका रबरी छापे हातावर उमटवायच्या, साधारण तसंच. एक छाप, हव्या तितक्या जागा. या कामाला बदली म्हणा, उतरवणं म्हणा. पुढचा सगळा गोंधळ, आणि पुढची सगळी गंमत, इथून सुरू होते.

कारण आता प्रत्येक कार्डाच्या नशिबी दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. एक, तावावर त्याची जागा. दुसरी, तावावर ते किती वेळा आहे. समजा, एका खेळाडूचे चार छाप उतरवले आणि शेजारच्याचे दोन. हजार ताव छापले तर पहिल्याची चार हजार कार्डं, दुसऱ्याची दोन हजार. कोणी ठरवून दुसऱ्याला दुर्मीळ केलेलं नाही, जागा उरली तशी भरली. आजच्या लग्नपत्रिकेच्या छापखान्यातही हेच चालतं. तावात कोपरा मोकळा राहतोय तर त्यात कोणाची तरी व्हिजिटिंग कार्डं घुसवतात.

रंग एकावर एक नेमके बसायला हवेत. त्यासाठी तावाच्या कडेला बारीक खुणा असतात, प्रत्येक दगडावर त्याच जागी. खुणेवर खूण बसली की चित्र बसलं. आपल्याकडे छापखान्यात म्हणतात, रजिस्टर जुळलं. कागद हवेत दमट होऊन केसभर ताणला, मजुराने खुणेला केसभर चुकवलं, की रजिस्टर हललं. मग ओठ गालावर जातात आणि टोपीची निळी कड आकाशात तरंगते. अशी कार्डं शेकड्यांनी आहेत. एका दमात लाखो तुकडे बाहेर काढायचे, आणि तेही सिगारेटबरोबर फुकट जाणारे. त्यांची तपासणी कोण करत बसणार?

चित्राची बाजू झाली की ताव वाळवायचे आणि उलटवायचे. आता पाठ. पाठ एकाच रंगाची. पीडमाँटची निळी, स्वीट कॅपोरलची लाल, ओल्ड मिलची काळी, सॉव्हरिनची हिरवी, हिंदूची बहुतेक तपकिरी. एकाच खेळाडूचं तेच चित्र आठ-दहा वेगवेगळ्या पाठींसह सापडतं. म्हणजे चित्रांचे ताव आधी छापून ठेवत, मग ज्या ब्रँडची मागणी असेल तिची पाठ त्यांवर चढवत. पीठ एकच मळायचं, मग त्याच्या पोळ्या करा, पुऱ्या करा.

पाठीवर आणखी एक ओळ असते : 'बेसबॉल सीरीज, १५० सब्जेक्ट्स'. नंतरच्या पाठींवर ३५०, मग ४६०. म्हणजे काम टप्प्याटप्प्याने झालं. शिवाय कारखान्याचा सरकारी क्रमांक, कारण तंबाखूवर कर होता आणि माल कुठल्या कारखान्याचा हे पाकिटावर सांगणं भाग होतं. व्हर्जिनियाचा २५ क्रमांकाचा कारखाना, न्यूयॉर्कचा ३० क्रमांकाचा. स्वीट कॅपोरलच्या काही पाठींवर एका क्रमांकावर दुसरा क्रमांक ठोकलेला दिसतो. छापून ठेवलेला माल दुसऱ्या कारखान्याकडे वळवला, ताव फेकायचे कशाला, वरून शिक्का मारला. हिशेबी माणसं.

मग सुरी. तावांची चळत करायची आणि मोठ्या पात्याने एकदम कापायची. पातं केसभर सरकलं की चळतीतल्या प्रत्येक तावावर ती ओळ सरकली. एका कार्डाची चौकट डावीकडे जाड, उजवीकडे नाहीशी. चळत तिरकी बसली तर कार्ड चौकोनी न राहता तिरकं होतं. अमेरिकन संग्राहक याला हिऱ्याचं नाव देतात. आपण शंकरपाळं म्हणू. अमेरिकन ब्यूटी या ब्रँडची पाकिटं बारीक असायची, म्हणून तिची कार्डं मुळातच मिलिमीटर-दीड मिलिमीटर अरुंद कापलेली असतात. ज्याला हे माहीत नाही तो अस्सल कार्डाला कडा छाटलेलं म्हणून नाकारून बसतो. पोलर बेअर हा पिशवीतला सुटा तंबाखू, त्यात कार्ड तसंच टाकलेलं, म्हणून त्याच्या कार्डांवर तंबाखूचे तपकिरी डाग असतात. ते डाग मला तरी घाण वाटत नाहीत. कुठून आलं ते सांगणारी पावती वाटते.

तर ताट असं थापलं, अशा वड्या पाडल्या. आता उलट प्रवास.

पहिला पुरावा नावाचा. पातं वर-खाली सरकलेलं असेल तर कार्डाच्या खाली त्या खेळाडूचं नाव असतंच, पण वरच्या कडेलाही एक नाव डोकावतं. ते असतं तावावर त्याच्या डोक्यावर बसलेल्या कार्डाचं. अशी दोन नावांची कार्डं जमवून बघितली तेव्हा बऱ्याचदा वर आणि खाली तेच नाव निघालं. म्हणजे एकाच खेळाडूचे छाप उभ्या ओळीत एकाखाली एक उतरवलेले होते. कारागिराच्या दृष्टीने हे सोयीचंच, एका चेहऱ्याचे छाप हातात घ्यायचे आणि एक रकाना संपवायचा. पण काही कार्डांवर वरचं नाव वेगळं आहे. म्हणजे रकाना मध्येच बदलत होता, एका माणसाची गच्ची दुसऱ्याच्या जमिनीला लागत होती. अशा प्रत्येक कार्डाने तावावरचा एक सांधा उघड होतो.

आडवे शेजारी कडेच्या रेघांवरून कळतात. डावीकडे शेजाऱ्याच्या आकाशाची बारीक पट्टी आली असेल आणि ती केशरी असेल, तर ज्यांचं आकाश केशरी आहे तेवढेच उमेदवार उरतात.

दुसरा पुरावा अपघातांचा. ताजी शाई असलेला ताव दुसऱ्या तावावर टेकला तर उलटी छाया उमटते. एखाद्या खेळाडूच्या चेहऱ्यावर पीडमाँटची जाहिरात आरशातल्यासारखी दिसते, ती अशी. काही कार्डांची पाठ उलटी आहे, डोकं खाली पाय वर, कारण दुसऱ्या बाजूच्या छपाईला ताव घालताना तो फिरवून घातला गेला. एक ताव उलटा गेला म्हणजे त्यावरचे सगळेच उलटे. त्यामुळे एकाच ब्रँडच्या उलट्या पाठी कोणाकोणाच्या नावावर सापडतात याची यादी केली की त्या तावावरच्या सोबत्यांची हजेरीच हातात पडते.

मग रंग चुकलेली कार्डं. बॉस्टनच्या बिल स्वीनीच्या छातीवर लाल 'बी' असतो, काही कार्डांवर तो नाहीच, कारण लालचा हात त्या तावाला लागलाच नाही. फ्रेड स्नॉडग्रासच्या एका कार्डावर नावातलं पहिलंच अक्षर उमटलेलं नाही, आणि तो बिचारा शंभर वर्षं 'नॉडग्रास' म्हणून ओळखला जातोय. ओल्ड मिलची पाठ काळी असायची, पण तपकिरी शाईत छापलेली काही कार्डं आहेत आणि ती सगळी हाताने वेडीवाकडी कापलेली. ती छापखान्यातली रद्दी. यंत्र चालू करताना शाई बसते की नाही बघायला जे ताव वाया घालवतात त्यांतून कुणीतरी कात्रीने काढून घरी नेलेली. नेणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार केला पाहिजे, कारण छापखान्यातली रद्दी सहसा जगाला दिसत नाही.

पण सगळ्यात सुंदर पुरावा आहे ओरखड्याचा.

पीडमाँटच्या १५० वाल्या निळ्या पाठी छापणाऱ्या पृष्ठभागावर केव्हातरी बारीक चरे पडले. चऱ्याच्या जागी शाई बसली, आणि छापलेल्या प्रत्येक तावाच्या पाठीवर एक निळी केसासारखी रेघ आली. ताव कापला गेला तशी रेघही तुटली. एका कार्डाच्या पाठीवर ती वरच्या कोपऱ्यातून शिरते आणि उजव्या कडेला संपते. मग ती पुढे कुठे जाते? ज्या कार्डाच्या डाव्या कडेला नेमक्या त्याच उंचीवर रेघ सुरू होते, तिथे. संग्राहकांनी एकमेकांकडची शेकडो कार्डं पालथी घालून, त्यांची छायाचित्रं मांडून, रेघेला रेघ जोडत नेली. लहान मुलांचं चित्रकोडं, फक्त तुकडे वेगवेगळ्या शहरांतल्या तिजोऱ्यांत ठेवलेले.

यात एक मेख आहे, आणि ती मला फार आवडते. पाठीकडून बघताना जो उजवीकडचा शेजारी दिसतो तो समोरून बघताना डावीकडचा असतो. कागद हातात धरून उलटवून पाहा म्हणजे लगेच पटेल. त्यामुळे पाठीवरून जोडलेला नकाशा समोरच्या खेळाडूंना लावताना अख्खा फिरवावा लागतो. आणि दुसरी गंमत अशी की रेघेचा तोच तुकडा, त्याच जागी, दोन-तीन वेगवेगळ्या खेळाडूंच्या पाठीवर सापडतो. एका कार्डाची तावावर एकच जागा असते ना? मग हे कसं? पाठ छापणारा पृष्ठभाग एकच होता, त्याखालून वेगवेगळ्या चित्रांचे ताव जात होते. पोळपाटाला चीर असेल तर प्रत्येक पोळीवर ती उमटणार, मग पोळी कुणाच्या का पानात जाईना. एका चऱ्यावरून असे अनेक ताव एकदम उलगडत जातात : याच जागी पहिल्या तावावर कोण होता, दुसऱ्या तावावर कोण.

चित्र न बदलता फक्त अक्षरं बदलायची सोय हाही या पद्धतीचा भाग. नावाची ओळ वेगळ्या दगडावर, तेव्हा ती खरवडून नवी उतरवली की झालं. फिलाडेल्फियाच्या शेरी मगीच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं, 'ई' च्या जागी 'आय' पडला. चूक लगेच लक्षात आली आणि सुधारली. चुकीच्या नावाचं कार्ड फक्त पीडमाँटच्या १५० च्या पाठीसह मिळतं, यावरून हे काम अगदी सुरुवातीला पीडमाँटसाठी चाललं होतं हे कळतं. न्यूयॉर्कच्या दोन संघांत दोन डॉइल होते, नॅशनल लीगच्या संघात लॅरी, अमेरिकन लीगच्या संघात जो. जो डॉइलच्या चित्राखाली 'नॅशनल' छापलं गेलं. ते सुधारायला तो शब्द उडवला आणि नुसतं 'न्यूयॉर्क' ठेवलं. मधल्या वेळात जी थोडी कार्डं बाहेर गेली ती आज घराच्या किमतीची आहेत. खेळाडू संघ बदलायचे तेव्हाही असंच. एल्बरफेल्डचं तेच चित्र एका कार्डावर न्यूयॉर्कचं आहे, दुसऱ्यावर वॉशिंग्टनचं. डेमिट आणि ओहारा सेंट लुईसला गेले, आणि सेंट लुईस लिहिलेली त्यांची कार्डं फक्त पोलर बेअरच्या पाठीने मिळतात. बदल यंत्रावर चढला त्या वेळी त्या तावाखाली पोलर बेअरचंच काम चालू होतं, असा त्याचा सरळ अर्थ.

आता वॅग्नर, कारण त्याच्याशिवाय हा विषय कोणी वाचत नाही.

पिट्सबर्गचा होनस वॅग्नर त्या काळच्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक. त्याचं कार्ड छापायला घेतलं आणि थोड्याच दिवसांत थांबवलं. ऑक्टोबर १९१२ मध्ये 'स्पोर्टिंग न्यूज'ने सांगितलेली हकीकत अशी : पिट्सबर्गच्या जॉन ग्रूबर या क्रीडालेखकाला वॅग्नरची परवानगी मिळवायचं काम दिलं होतं, त्याचे त्याला दहा डॉलर मिळणार होते. वॅग्नरने परवानगी नाकारली आणि ग्रूबरचं नुकसान नको म्हणून दहा डॉलरचा चेक स्वतःच पाठवला. मुलांनी माझ्या चित्रासाठी तंबाखू घेऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं असं सांगतात. पैसे न मिळाल्यामुळे तो चिडला असंही सांगतात. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा, तेव्हा पहिली गोष्ट फार साजूक करून सांगण्यात अर्थ नाही. पण तो चेक मला खरा माणूस वाटतो.

एडी प्लँकचं कार्डही असंच दुर्मीळ. त्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की छपाईचा त्याचा पत्रा फुटला. इथे तावाचा विचार केला की शंका येते. प्लँक तावावर एकटा नव्हता. पत्रा फुटला तर त्याचे शेजारीही गेले पाहिजेत, मग तेच तितके दुर्मीळ का नाहीत? शिवाय प्लँक १५० च्या पाठीनेही मिळतो आणि ३५० च्याही. पत्रा दोन्ही वेळा फुटला का? त्यापेक्षा त्याचे छाप खरवडून त्या जागी दुसरा कुणी उतरवला, वॅग्नरसारखाच, हे जास्त सरळ वाटतं. कारण त्याला ठाऊक.

वॅग्नरचं एक कार्ड १९९१ मध्ये वेन ग्रेट्झ्की या हॉकीपटूने भागीदारीत ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. कडा धारदार, कोपरे टोकदार, शंभरातलं एक. दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने त्याला दहापैकी आठ दिले. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. आणि २०१३ मध्ये ज्याच्या हातून ते कधीकाळी गेलं होतं तो लिलाववाला बिल मास्ट्रो न्यायालयात उभा राहून म्हणाला, त्याच्या कडा मीच छाटल्या होत्या. वड्यांच्या भाषेत सांगायचं तर कडेची वडी मधली म्हणून विकली. वर सांगितलं ते नीट वाचलंत तर त्याने नेमकं काय मिटवलं ते कळेल. कडेवर असतो शेजाऱ्याचा रंग, पात्याचा तिरकेपणा, नावाचा सांधा. ते कार्ड सगळ्यांत सुंदर आहे आणि ताटाबद्दल सगळ्यांत कमी बोलतं. २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलेलं वॅग्नरचं दुसरं कार्ड दहापैकी फक्त दोनाचं होतं, घड्या पडलेलं, मळलेलं. मला निवड करायला सांगितली तर मी तेच घेईन, अर्थात कोणी सांगणार नाही.

१९११ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीच्या खटल्यात अमेरिकन टोबॅको कंपनी मोडायचा निकाल दिला. टी-२०६ त्याच वर्षी थांबलं.

अख्खा ताव नाही, पण एक पट्टी आहे. पाच कार्डं एका ओळीत, न कापलेली, पाठ कोरी. मॉर्डेकाय ब्राउन, फ्रँक बोवरमन, साय यंग, जॉनी क्लिंग आणि होनस वॅग्नर. खेळाडूंना किंवा मालकांना दाखवायला काढलेला हा कच्चा छाप असावा. तो वॅग्नरच्याच सामानात सापडला असं सांगतात. पट्टी चुरगळलेली आहे, घड्या पडल्या आहेत, आणि सुरी कुठे चालवायची त्याच्या बारीक खुणा तिच्यावर अजून शाबूत आहेत.